डॉक्टर विमानाने येतो, पेशंट विमानाने जातो

गेल्या वेळी कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनाव्हुत प्रदेशावर लिहिलं आणि बरीच पत्रं आली. आवाका पुन्हा सांगतो. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट, 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या 36,858. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. ही माणसं 25 वस्त्यांमध्ये विखुरलेली आणि एका वस्तीतून दुसरीकडे जायला रस्ता नाही. बहुतेक रहिवासी इनुइट, म्हणजे तिथले मूळ आदिवासी.

प्रश्न : मुलगा टोरांटोला असतो. तो म्हणतो, तिथे उपचार फुकट. मग नुनाव्हुतच्या लोकांची तक्रार कशाची? (ठाणे)

मुलगा खरं सांगतोय. डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात बिल येत नाही. बहुतेक इनुइट पेशंटच्या विमानाचं तिकीट आणि राहण्याचा खर्चही सरकारच उचलतं. प्रश्न पैशाचा नाही, दिशेचा आहे.

वस्तीत आरोग्य केंद्र असतं आणि ते सिस्टर चालवतात. डॉक्टर अधूनमधून विमानाने येतो, काही दिवस तपासतो आणि परततो. इकालुईत या राजधानीत 35 खाटांचं रुग्णालय आहे. त्यापुढचं काही लागलं की पेशंट दक्षिणेला. गंमत अशी की सगळे एकाच ठिकाणी जात नाहीत. पूर्वेकडचे ओटावाला, मधल्या भागातले विनिपेगला, पश्चिमेकडचे यलोनाइफ नाहीतर एडमंटनला. एकाच प्रदेशातले पेशंट तीन वेगवेगळ्या प्रांतांच्या दारात, कारण विमानं तशी उडतात. इकालुईतहून ओटावा साधारण दोन हजार किलोमीटर. आपण ‘जिल्ह्याला रेफर केलं’ म्हणतो ना, तसं ते ‘दक्षिणेला पाठवलं’ म्हणतात. आणि हिमवादळ आलं की तेही नाही. विमान उतरेपर्यंत सिस्टरने पेशंट सांभाळायचा.

माझं मत विचाराल तर आरोग्याच्या बजेटमधला फार मोठा वाटा तिकिटांवर जातो, आणि तिकिटावर गेलेला पैसा वस्तीत काहीच मागे ठेवत नाही.

प्रश्न : मी जीएनएम, सहा वर्षांचा अनुभव. एक एजंट कॅनडाच्या उत्तरेत भरपूर पगाराची नोकरी सांगतोय. जावं का? (नाशिक)

सिस्टर, आधी एजंटला किती पैसे द्यायचे ते बघा. आधी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. नोंदणीसाठी एनसीएलईएक्स-आरएन परीक्षा लागते आणि तुमच्या शिक्षणाची तिथल्या निकषांवर तपासणी होते. ती वाट कोणी पैसे घेऊन कमी करू शकत नाही.

आता कामाचं. तिथली सिस्टर म्हणजे आपल्याकडची वॉर्डातली सिस्टर नव्हे. ओपीडी तिची, टाके तिचे, औषधं देणं तिचं, साधा एक्स-रेही बहुतेक तीच काढते. रात्री दोनला दार वाजलं तर तीच उठते आणि फोनवर डॉक्टरला विचारते. आयसीयू, अपघात विभाग किंवा उपकेंद्रात एकटीने काम केलेलं असेल तर जमेल. नुसत्या नर्सिंग होमच्या अनुभवावर जाऊ नका, तुमच्यासाठीही नको आणि त्या पेशंटसाठीही.

एक गोष्ट कोणी सांगणार नाही. तिथे येणाऱ्या सिस्टर बहुतेक कंत्राटी असतात, काही आठवड्यांच्या पाळीवर. उन्हाळ्यात रजा सुरू झाल्या की काही केंद्रं फक्त तातडीचे पेशंट बघतात. म्हाताऱ्या आजीला आपल्या पोटाच्या दुखण्याची गोष्ट दरवेळी नव्या चेहऱ्याला पहिल्यापासून सांगावी लागते. जाणार असाल तर निदान दोन वर्षं राहायच्या तयारीने जा. इकालुईतच्या कॉलेजात स्थानिक मुलींसाठी नर्सिंगचा अभ्यासक्रम आहे. खरा उपाय तो, तुम्ही किंवा मी नव्हे.

प्रश्न : मी आशा आहे. त्यांच्या बाळंतपणाचं काय? (भामरागड तालुका)

ताई, तुम्हाला हे सगळ्यात लवकर कळेल. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला आपण आधीच माहेरघरात, म्हणजे आरोग्य केंद्राजवळच्या मुक्कामाच्या खोलीत, आणून ठेवतो. तिथे हेच करतात, फक्त माहेरघर विमानाच्या अंतरावर. लहान वस्तीतली बाई बाळंतपणाच्या तीन-चार आठवडे आधी घर सोडते. मोठं मूल बहिणीकडे, नवरा शिकारीला नाहीतर कामावर. 2017 पर्यंत धडधाकट गरोदर बाईबरोबर कोणाला न्यायचं तर त्याचा खर्चही केंद्र सरकार देत नसे. म्हणजे अनोळखी शहरात, परक्या भाषेत, एकटीने बाळंत व्हायचं. आपल्या माहेरघरात निदान सासू कटकट करायला सोबत असते!

पण शेजारच्या क्वेबेक प्रांताच्या उत्तरेत, पुविर्निटुक या गावात, 1986 मध्ये तिथल्या बायकांनी हट्टाने प्रसूतिगृह सुरू करून घेतलं. गावातल्याच मुली अनुभवी सुईणींच्या हाताखाली शिकून सुईणी झाल्या. पुढे आणखी दोन गावांत तशीच केंद्रं निघाली. सिझेरियनची सोय तिथे नाही. म्हणून प्रत्येक गरोदर बाईचा आढावा आधी एक समिती घेते, जोखीम दिसली तर तिला वेळेत माँट्रियलला पाठवतात, बाकीच्या गावात बाळंत होतात. ‘सिझेरियन नाही तर बाळंतपण नको’ असं म्हणणारे माझे डॉक्टर मित्र इथेही आहेत. त्यांना मी एवढंच विचारतो, चार आठवडे घरापासून तुटण्याची जोखीम तुमच्या कोणत्या रकान्यात लिहिता?

प्रश्न : एवढ्या श्रीमंत देशात टीबी अजून कसा? (एमएसडब्ल्यूची विद्यार्थिनी, पुणे)

एका खोलीत सात-आठ माणसं, बाहेर उणे तीस, खिडकी कोण उघडणार? घरांची टंचाई हेच निम्मं उत्तर. 2016 च्या आकड्यांत इनुइटांमधलं टीबीचं प्रमाण कॅनडात जन्मलेल्या बिगर-आदिवासींच्या जवळजवळ 300 पट होतं.

उरलेलं उत्तर इतिहासात आहे. 1950 पासून सुमारे दोन दशकं ‘सी. डी. हाऊ’ नावाचं सरकारी जहाज दर उन्हाळ्यात पूर्वेकडच्या वस्त्यांना भेट द्यायचं. लोक जहाजावर चढायचे, छातीचा एक्स-रे व्हायचा. डाग दिसला की अनेकांना किनाऱ्यावर परत उतरूच द्यायचे नाहीत. निरोप नाही, सामान नाही, थेट दक्षिणेच्या सॅनिटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या रुग्णालयात. 1956 च्या सुमाराला दर सात इनुइटांमागे एक जण तिथे होता. एकट्या हॅमिल्टनच्या सॅनिटोरियममध्ये त्या काळातल्या काही वर्षांत मिळून बाराशेहून जास्त इनुइट दाखल झाले. काही तिथेच वारले आणि कुठे पुरले ते घरच्यांना कळलंच नाही. मार्च 2019 मध्ये कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी इकालुईतला येऊन माफी मागितली आणि कबरी शोधायला मदत करणारा ‘नानिलाव्हुत’ उपक्रम सुरू झाला. नावाचा अर्थ, ‘चला, शोधू या’.

आता सांगा, ज्या घरातली आजी एक्स-रे काढायला गेली आणि परत आली नाही, त्या घरात तपासणीचं नाव काढल्यावर दार कोण उघडेल? गोळ्या आहेत, सुप्त टीबीसाठी (जंतू शरीरात, पण आजार अजून नाही) आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रांचा छोटा कोर्सही आला आहे. 2030 पर्यंत टीबी संपवायची घोषणाही झाली. पण गोळी घेऊन दारात उभा राहणारा माणूस गावातला हवा.

प्रश्न : टेलिमेडिसिन असताना एवढी पळापळ कशाला? (ई-मेलवरून)

वापरतात आणि उपयोगही होतो, विशेषतः फेरतपासणीला. इंटरनेट मुख्यतः उपग्रहावरून, त्यामुळे चित्र अडकतं, ते सोडा. पण इनुइट माणूस पुष्कळदा ‘हो’ म्हणताना बोलत नाही, भुवया उंचावतो. ‘नाही’ म्हणताना नाक आक्रसतो. ओटावातला डॉक्टर पेशंट बाईला विचारतो, ‘दुखतं का?’ पडद्यावर शांतता. तो पुन्हा विचारतो. मग खोलीत बसलेली दुभाषी बाई सांगते, ‘ती केव्हाच हो म्हणाली.’