मामाला आहे, मग भाच्याला होईल का?

आखाजीला माहेरी जाऊन आल्या आणि लगेच पारोळ्याकडच्या एक बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांच्या धाकट्या भावाला, बापूला, ऐन तेविशीत स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास होणं, विनाकारण संशय येणं असा मनाचा गंभीर आजार झालेला. आता पुण्याला इंजिनिअरिंग करणारा त्यांचा एकुलता मुलगा सुट्टीत घरी आला, तो दिवसभर खोलीत, रात्रभर जागा. दोन विषयही राहिलेले. नणंद बोलून गेली, "मामावर गेला." बाईंची झोपच उडाली.

"ताई, मना पोर्‍याले बी व्हई का?"

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कधी असा घाबरून, तर कधी सोयरीक ठरताना, मुलीच्या काकाला 'डोक्याचा आजार' आहे असं कळल्यावर. छातीठोकपणे 'नाही' म्हणता येत नाही, पण लोकांच्या मनात जेवढी भीती असते तेवढा धोकाही नसतो. कुठल्याही १०० माणसांत आयुष्यभरात साधारण एकाला हा आजार होतो. आई, वडील किंवा सख्खं भावंड आजारी असेल तर १०० मध्ये १० च्या आसपास. मामा, काका, मावशी एवढं नातं लांबलं की ३-४. मी कागदावर १०० टिंबं काढली आणि चारांना गोल केला. बाई गोलांकडे बघेचनात, उरलेली टिंबं बोटाने मोजत राहिल्या. मग जुळ्यांचं सांगितलं. अगदी एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला आजार झाला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला होत नाही. सगळं रक्तातच असतं तर असं झालं नसतं.

'माहेरचं रक्त' हा त्यांच्या घरातला ठरलेला टोमणा. मला त्याचा राग येतो. या आजाराचं एकच एक जनुक नाही. शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि तो दोन्ही घरांकडून येतो. आईच्या वागण्यामुळे मुलाला हा आजार होतो असं एके काळी डॉक्टरही म्हणत. ते कधीच मोडीत निघालं, गावात मात्र अजून चालतं.

जनुकांखेरीज बाकीच्या गोष्टीही आहेत: बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणं, लहानपणचा छळ, मोठ्या शहरात वाढणं, परमुलखात जाऊन राहणं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. ती ऐन भरात असताना ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यात पुढे या आजाराचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात गर्भारपणीही पोटभर न मिळणाऱ्या बाया पाहिल्या की मला हे आठवतं. त्यांच्याबद्दल 'माहेरचं रक्त' कोण म्हणणार?

मुलाशी बोलताना आईला बाहेर बसवलं. आधी तो मोबाईलच्या कव्हरशी चाळा करत बसला, मग मोकळा झाला. होस्टेलवर जवळजवळ रोज गांजा. "मॅडम, ते झाडपाल्याचंच असतं ना, नॅचरल." शिरपूरकडे गांजाची शेती पकडल्याच्या बातम्या आपण चहासोबत वाचतो, पण घरातल्या पोराशी त्यावर कोणी बोलत नाही. त्याला मी स्वीडनची पाहणी सांगितली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली, सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांची. पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट दिसलं. इतर कारणं वजा केली की आकडा खाली येतो, पण धोका उरतोच; आणि घरात आधीच कोणाला आजार असेल तर हा खेळ महागात पडू शकतो. मामाकडून काय आलं ते बदलता येत नाही, गांजा सोडता येतो.

त्याला आवाज ऐकू येत नव्हते, कोणी पाळतीवर आहे असा संशय नव्हता, बोलणं सुसंगत होतं. तरी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलंच, कारण निदान करणं माझं काम नाही. त्यांनाही स्किझोफ्रेनियाची लक्षणं दिसली नाहीत. नापासाची धास्ती आणि गांजा, दोन्हींवर काम सुरू झालं. बाईंना एवढंच सांगितलं: तो एकटाच बोलू-हसू लागला, अंघोळ-जेवण सोडलं, घरच्यांवरच संशय घेऊ लागला, तर भगताकडे नेण्यात महिने घालवू नका. रात्री-अपरात्री काही सुचेना तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा, पैसे लागत नाहीत.

निघता निघता मी सहज विचारलं, "बापूच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"त्याले बरं वाटनं, म्हणून दिवाळीपासून बंद." आखाजीला तो ओट्यावर बसून कोणाशी तरी भांडत होता, समोर कोणीच नव्हतं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. भाच्याच्या काळजीत मामा सगळ्यांच्या नजरेआड गेला होता. त्याच आठवड्यात बहीण-मेहुण्यांनी त्याला धुळ्याला सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्या तो लपवतो, म्हणून आता महिन्याचं इंजेक्शन चालू आहे. मुलाचा एक विषय सुटला, एक राहिलाय. गांजा शनिवारपुरताच उरलाय म्हणतो, आणि त्या शनिवारवरून आमचं अजून भांडण चालू आहे.