पुण्याहून बंगळुरूला बिऱ्हाड हलवताना

आधी डिपॉझिटचे पैसे बाजूला काढा, ट्रकचं नंतर बघा. बंगळुरूत घरमालक पाच-सहा महिन्यांचं भाडं, काही जण दहाचंही, आगाऊ मागतात. पुण्यातलं डिपॉझिट मात्र घर रिकामं केल्यावरच हाती येतं. तंगी नेमकी या मधल्या दिवसांत येते. पॅकर्सकडून फोनवर दर घेऊ नका. घरी बोलावून सामानाची यादी करून घ्या. मजला, लिफ्ट, विमा, जीएसटी सगळं लेखी हवं, नाहीतर सामान उतरवताना रक्कम वाढते. पार्ट लोड, म्हणजे एकाच ट्रकमध्ये इतरांच्या सामानासोबत आपलं सामान, स्वस्त पडतो, पण वाटेत गाडी बदलू शकते, म्हणून टीव्ही मूळ खोक्यातच घाला. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा. स्वतःची गाडी तिकडे 12 महिन्यांहून जास्त ठेवणार असाल तर आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) काढा आणि कर्नाटकचा रोड टॅक्सही बजेटमध्ये धरा.