बंद खाणीत कसली नोकरी?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. झारखंडच्या झरिया कोळसापट्ट्यात जमीन खचल्याची बातमी पाहिल्यापासून तिला बंद कोळसाखाणींचाच अभ्यास करायचाय. आपल्या भागात कोळसा नाही, त्यात ही मुलगी. अकरावीला कोल्हापूरला ठेवायचा विचार आहे. काय करावं?
– एक पालक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : सप्रेम नमस्कार.

खाण बंद झाली की काम संपलं, असं नसतं. भूमिगत खाणीत छत तोलायला कोळशाचेच खांब ठेवतात. माणसं निघून गेली तरी छताचा भार त्या खांबांवरच राहतो. वर्षानुवर्षं त्यांच्या कडा झडतात, पाण्यानं तळ मऊ पडतो, छताचे थर एकेक करून गळू लागतात. खाण उथळ असेल तर एखाद्या दिवशी थेट शेतात खड्डा पडतो. जुन्या खाणीत साठलेलं पाणी तर शेजारच्या चालू खाणीच्याही जिवावर उठतं. १९७५ साली धनबादजवळच्या चासनाला खाणीत असंच पाणी घुसून ३७५ कामगार गेले.

खांब किती जाड हवा, याचं गणित दक्षिण आफ्रिकेत १९६० च्या कोलब्रुक कोळसाखाणीतल्या दुर्घटनेनंतर (चारशेहून अधिक मृत्यू) नेटानं मांडलं गेलं. पण पन्नास-शंभर वर्षांनी तो खांब किती भार पेलेल, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. तुमच्या मुलीला नेमकं हेच खुणावतंय, आणि मला तिचं कौतुक वाटतं. धनबादची सिंफर (खाणकाम आणि इंधनावरची केंद्रीय संशोधन संस्था) आणि खाण सुरक्षा महासंचालनालय, रांचीची सीएमपीडीआय (कोळसाखाणींचं नियोजन करणारी सरकारी संस्था), बेंगळुरूची राष्ट्रीय शिलायांत्रिकी (खडकांवरच्या बलांचं शास्त्र) संस्था इथं अशा प्रश्नांवर काम चालतं. मुलगी म्हणून अडायचं कारण नाही. २०१९ पासून तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी स्त्रियांना खाणीत उतरायला परवानगी आहे.

आता कोल्हापूरचं. हा निर्णय घाईनं घेऊ नका. एनआयटीत (केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांत) निम्म्या जागा त्या-त्या राज्यासाठी असतात आणि राज्य ठरतं बारावी कुठून झाली त्यावर, घर कुठं आहे त्यावर नाही. बेळगावात पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) केली तर सुरतकलच्या एनआयटीत मायनिंगला ती कर्नाटकची, कोल्हापुरात बारावी केली तर नागपूरच्या एनआयटीला, म्हणजे व्हीएनआयटीला, महाराष्ट्राची. नागपूरच्या आसपास कोळसा आहे, ही त्या बाजूची जमेची गोष्ट. तरी केवळ क्लासच्या जाहिराती पाहून पोरीला वसतिगृहात ठेवणं मला पटत नाही. धनबाद, खरगपूरच्या आयआयटींना हा राज्याचा नियम लागू नाही.

मायनिंग हुकलंच तर बेळगावातच सिव्हिल करून, गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.ला शिलायांत्रिकीकडे वळता येतं. तेव्हा दहावीच्या सुट्टीत तिला भौतिकशास्त्रातलं बल आणि दाब पक्कं करू द्या.