निवृत्तीनंतर नवरा-बायको दोघांनीच शिडाच्या बोटीने अटलांटिक ओलांडणं कितपत शहाणपणाचं आहे?

तुम्ही लिहिलंय की यजमान निवृत्त झालेत, बोट घेऊन झालीय, आफ्रिकेच्या वायव्येकडच्या कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला जायचं त्यांनी मनावर घेतलंय आणि ‘तीन आठवडे आपण दोघंच पाण्यावर करणार काय?’ हा तुमचा प्रश्न त्यांना भित्रेपणाचा वाटतो. मीही अगदी हाच प्रश्न विचारला होता, आणि तरी गेले. तेव्हा मी ६१ची होते, आमचे हे ६६चे, बोट ३८ फुटी. २२ दिवस लागले.

दोघंच काय करणार, तर मुख्यतः एकमेकांना चुकवणार. एक जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो. रात्री ८पासून सकाळी ८पर्यंत आमचे तीन-तीन तासांचे पहारे होते. दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा तासभर एवढाच काय तो सहवास. दर ३ तासांनी अंधारात एक माणूस डोळे चोळत वर येतो, दुसरा ‘वारा मागून, १८ नॉट, एक जहाज उत्तरेला गेलं’ एवढं सांगून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, साधारण १.८५ किलोमीटर) खाली जातो आणि तुमच्याच उबेच्या जागेवर आडवा होतो. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही इतकं कमी बोललो नव्हतो.

जागं का राहायचं? कॉकपिटात, म्हणजे सुकाणूपाशी मागच्या उघड्या बैठकीत, बसलेल्या माणसाला क्षितिज जेमतेम ३ ते ४ सागरी मैलांवर असतं. मालवाहू जहाज उंच असल्याने जरा आधी दिसतं, पण २० नॉटने येणारं जहाज दिसल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत तुमच्या डोक्यावर असू शकतं. म्हणून मी १२ मिनिटांचा गजर लावायची. वाजला की उठून चारी दिशा बघायच्या, एआयएसचा, म्हणजे आसपासची जहाजं दाखवणाऱ्या यंत्राचा, पडदा बघायचा, पुन्हा बसायचं. बहुतेक रात्री काहीच दिसत नाही, आणि तेच कठीण. सहाव्या-सातव्या रात्रीपासून झोप अंगावर येते. मला शिडावर माणसं बसलेली दिसायची. ह्यांना कुणीतरी हाक मारतंय असं वाटायचं. घाबरू नका, अपुऱ्या झोपेने होतं ते.

आता खरी गोष्ट. तेराव्या रात्री दोन वाजता माझा पहारा होता. हे नुकतेच खाली गेले होते. मागच्या बाजूच्या चांदण्या एकेक करून विझायला लागल्या, म्हणजे काळा ढग येत होता. मला वाटलं, आत्ताच झोपलेत, कशाला उठवायचं? जेनोआ, म्हणजे पुढचं शीड, मी कॉकपिटातूनच अर्ध्यावर गुंडाळलं आणि वाट बघत बसले. वारा १८वरून ३२ नॉटवर गेला, पाऊस आडवा लागला. मोठं शीड अजून पूर्ण उघडं होतं. ते कमी करायला डोलकाठीपाशी जायला हवं होतं, आणि मी हार्नेस (बोटीला जखडून ठेवणारा पट्टा) अडकवून निघालेही. तेवढ्यात बोट कलल्यामुळे हे जागे होऊन वर आले. काही बोलले नाहीत, मला फक्त मागे बसायची खूण केली. आधी सुकाणू, मग शीड, असं दोघांनी मिळून आवरलं. ढग निघून गेल्यावर मात्र असे चिडले की तसं चिडणं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यांचं बरोबर होतं. ६ नॉट म्हणजे मिनिटाला १८५ मीटर. मी पडले असते तर हे पहाटे पाचला पहाऱ्याला वर येईपर्यंत बोट १८ सागरी मैल पुढे गेली असती. दिवसाउजेडीसुद्धा दोन मीटरच्या लाटेत माणसाचं डोकं शंभर मीटरवरून दिसत नाही. त्या रात्रीपासून नियम असा: दुसरा झोपलेला असताना कॉकपिटाबाहेर पाय टाकायचा नाही, मग कारण काहीही असो. ‘अहो, उठा’ म्हणायला लाजायचं नाही. जोडप्यांच्या बोटीवर वादळाइतकीच मला ह्या भिडेची भीती वाटते. ‘बिचारे थकलेत’ हा घरचा चांगुलपणा तिथे उपयोगाचा नाही.

यातूनच तुमच्यासाठी एक अट निघते, ती यजमानांसमोर ठेवा: तुम्हाला एकटीला बोट थांबवता आली पाहिजे, वळवता आली पाहिजे, आणि पाण्यात पडलेल्या माणसाला दोरात घेऊन वर काढता आलं पाहिजे. बहुतेक घरांत एकाला सगळं येतं आणि दुसरा स्वयंपाक करतो. सगळं येणारा पडला की संपलं. मी निघण्याआधी चार महिने हे कॉकपिटात नाहीतच असं समजून बोट चालवायला शिकले. ह्यांनी तोंड मिटून बसायचं, हा त्यातला अवघड भाग. ह्यांच्यासाठी.

वयाचं म्हणाल तर जीन सॉक्रेटिस या बाई पन्नाशीच्या आसपास शीड हाताळायला शिकल्या आणि २०१९मध्ये, ७७व्या वर्षी, एकट्याने कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतल्या. तुम्ही त्यांच्यासारखं काही करावं असं नाही. पण गुडघ्यांचं कारण पुढे करताना माझी जीभ जरा अडखळते. दात मात्र आधी दाखवून घ्या. रोजची औषधं दुप्पट घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. महासागराच्या मध्यावर हेलिकॉप्टर पोचत नाही. मदत म्हणजे वाट वाकडी करून येणारं एखादं मालवाहू जहाज, तेही येईल तेव्हा. सॅटेलाइट फोनवर डॉक्टरांचा सल्ला मात्र मिळू शकतो. रोममधलं सीआयआरएम हे केंद्र १९३५पासून समुद्रावरच्या लोकांसाठी विनामूल्य हेच काम करतंय.

मार्ग तसा जुना, ठरलेला. कॅनरीपासून कॅरिबियनमधलं सेंट लुसिया सुमारे २,७०० सागरी मैल. चक्रीवादळांचा मोसम ३० नोव्हेंबरला संपल्याचं मानतात, म्हणून लोक त्याच सुमारास किंवा नंतर निघतात. सरळ पश्चिमेला जायचं नाही. आधी दक्षिणेला, केप व्हर्दे बेटांच्या दिशेने उतरायचं, ईशान्येचे व्यापारी वारे पक्के लागले की मग उजवीकडे. इंजिनवर भिस्त ठेवू नका, डिझेल फार तर काही दिवसांचं मावतं.

व्यापारी वारे म्हटलं की पाठीवर मंद झुळूक डोळ्यांसमोर येते. वारा मागून असतो हे खरं, पण त्यामुळेच बोट रात्रंदिवस डावी-उजवी डोलते. चहा ओतताना एक हात कायम कशाला तरी धरलेला. माझ्या कमरेवर दोन्ही बाजूंनी निळे डाग होते. आणि मागच्या वाऱ्यात बूम (मोठ्या शिडाच्या खालची आडवी काठी) एका बाजूहून दुसरीकडे फेकली गेली तर डोकं फुटू शकतं, म्हणून ती पुढे दोराने बांधून ठेवतात. हाच दोर सतराव्या दिवशी कडीवर घासून निम्मा तुटलेला सापडला. दोर घासणं हा या प्रवासातला उंदीर. रोज सकाळी उजेडात सगळे दोर हाताने चाचपायचे, जिथे घासतात तिथून वीतभर पुढे-मागे करायचे.

पाणी, अंडी, बटाटे, कोबी यांची काळजी तुम्हाला वाटतेय तेवढी नको. ते यादी करून जमतं.

आणि हो, चांगलंही असतं, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसती भीती घातली. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले असतात. काळोख्या रात्री बोटीमागे पाणी हिरवट पेटत जातं. घड्याळ हळूहळू मागे सरकवावं लागतं, तिकडे पोचेपर्यंत चार तास मागे. दर वेळी तो जादाचा तास कोणाच्या पहाऱ्यात घालायचा यावर आमचं भांडण व्हायचं.

आता तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल, ‘मी नाही म्हटलं तर?’ आधी जिब्राल्टर ते कॅनरी करून बघा. सुमारे ७०० सागरी मैल, पाच-सहा दिवस, पहारे तेच, डोलणं तेच. तिथे उतरल्यावर नको वाटलं तर यजमानांनी दोन अनुभवी माणसं बरोबर घ्यावीत आणि तुम्ही विमानाने पुढे जाऊन धक्क्यावर उभं राहावं. आमच्या शेजारी नांगरलेल्या बोटीवरच्या बाईंनी तेच केलं. आम्ही पोचलो तेव्हा आमचा दोर त्यांनीच झेलला.