मृतांसाठी डोंगरात कोरलेली घरे : तिएर्रादेंत्रोविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुढच्या वर्षी आम्ही पती-पत्नी कोलंबियाला जाणार आहोत. तिथल्या दक्षिणेकडच्या पर्वतांत तिएर्रादेंत्रो नावाच्या दुर्गम खोऱ्यात जमिनीखाली कोरलेली प्राचीन दफनगृहे आहेत, असे वाचनात आले. तिथे पोहोचण्यातच जवळजवळ एक दिवस जातो म्हणतात. एवढा खटाटोप करून तिथे नेमके काय पाहायला मिळते, आणि त्यासाठी किती दिवस हाताशी ठेवावेत?

उत्तर : तिएर्रादेंत्रो या स्पॅनिश नावाचा अर्थ 'आतला प्रदेश' असा आहे. सोळाव्या शतकात आलेल्या स्पॅनिश सैन्याला अँडीजच्या मधल्या रांगेतील या खोल, उभ्या कड्यांच्या दऱ्यांत शिरणे फार जड गेले आणि ती अडचण प्रदेशाच्या नावातच राहून गेली. काउका प्रांतातील इन्सा गावाच्या आसपासच्या डोंगरमाथ्यांवर शंभराहून अधिक भूमिगत दफनगृहे सापडली आहेत. युनेस्कोने 1995 मध्ये त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. ती साधारणपणे इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकांतील आहेत.

वरून पाहिले तर डोंगरमाथ्यावर गवत, ठिकठिकाणी संरक्षणासाठी उभारलेली छपरे आणि जमिनीत उघडणारी चौकोनी तोंडे, एवढेच दिसते. खरे दर्शन खाली उतरल्यावर घडते. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ खडकात जिना कोरलेला असतो, तो बहुधा गोल वळत जातो आणि पाच ते आठ मीटर खोलीवरच्या मुख्य दालनात उघडतो. काही दालने बारा मीटरपर्यंत रुंद आहेत. मध्यभागी खडकातच राखून ठेवलेले खांब, भिंतीलगत कोनाडे, वर घराच्या छपरासारखे उतरते होत गेलेले छत, आणि या सर्वांवर पांढऱ्या लेपावर लाल व काळ्या रंगात काढलेल्या तिरप्या चौकटींच्या ओळी अशी ही रचना असते. काही खांबांच्या माथ्यावर माणसाचा चेहरा उठावात कोरलेला असून त्याचे बाकीचे अंग रंगाने काढलेले आहे. सरडा किंवा पाली यांसारखे प्राणीही कुठे कुठे दिसतात. हे सारे ज्यांनी कोरले त्यांच्याकडे लोखंडाची अवजारे नव्हती.

माझ्या मते ही दफनगृहे समजून घेण्याची किल्ली 'घर' या एकाच शब्दात आहे. या काळातील जिवंत माणसांची घरे लाकूड, माती आणि गवत यांची होती, त्यामुळे त्यांचे अवशेष फारच थोडे उरले. मात्र दफनगृहांच्या भिंतींवरील नक्षी त्या घरांच्या अंतर्भागाचीच प्रतिकृती आहे, असे अभ्यासक मानतात. ज्या समाजाने स्वतःच्या राहत्या घरांसाठी नाशवंत साहित्य वापरले, त्याच समाजाने मृतांच्या घरांसाठी डोंगर पोखरला. ही एक गोष्ट मनाशी ठेवून खाली उतरलात तर प्रत्येक खांब आणि प्रत्येक रंगीत पट्टा निराळा दिसू लागतो. नुसत्या 'गुहा पाहू' अशा भावनेने गेलेल्या माणसाला तिसऱ्या जिन्यानंतर सगळी दालने सारखीच वाटू लागतात, आणि त्यात दोष दालनांचा नसतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की दोन पूर्ण दिवस द्यावेत आणि प्रवासाचे दिवस त्याहून वेगळे धरावेत. पहिल्या दिवशी सकाळी, ही स्थळे ज्यात येतात त्या पुरातत्त्व उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळची दोन संग्रहालये पाहावीत. त्यांतील एक पुरातत्त्वाचे आहे, तर दुसरे येथील मूलनिवासींच्या जीवनाचे. त्यानंतर सेगोव्हियाचा माथा चढावा. तो सर्वांत जवळचा असून रंगकामाच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध आहे, आणि तिथल्या काही दालनांत दिव्यांची सोय आहे. तिथून पुढे एल दुएन्दे आणि दगडी मूर्ती असलेले एल ताब्लोन ही स्थळे लागतात. सान आन्द्रेस दे पिसिम्बाला हे छोटे गाव आणि गावाजवळचा आल्तो दे सान आन्द्रेस हा माथा दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा.

एल आग्वाकाते हा लांबलचक डोंगरकणा मात्र सर्वांत उंच आणि चढायला सर्वांत अवघड आहे. तिथली दालने खजिन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी पूर्वीच उचकटलेली आहेत आणि आत काळोख असतो, त्यामुळे विजेरी नसेल तर चढून काहीच हाती लागत नाही. तरीही अंगात बळ असेल तर तो टाळू नये, कारण त्या कण्यावरून दोन्ही बाजूंच्या दऱ्या एकाच वेळी दिसतात आणि हे लोक आपल्या मृतांसाठी उंच माथेच का निवडत असावेत, हा प्रश्न तिथे उभे राहिल्यावर आपोआप पडतो.

प्रश्न : माझे वय 64 असून गुडघेदुखीचा त्रास आहे. ही दफनगृहे पाहणे मला झेपेल का?

उत्तर : काही प्रमाणात झेपेल, पण सर्व स्थळांचा हट्ट धरू नये. येथे दोन वेगवेगळ्या कसोट्या आहेत. पहिली डोंगराच्या चढाची. पायवाटा मातीच्या असून पावसानंतर निसरड्या होतात. दुसरी, आणि गुडघ्यांच्या दृष्टीने अधिक कठीण, दफनगृहांच्या जिन्यांची. या पायऱ्या आजच्या मापाच्या नाहीत, काही ठिकाणी एकेक पायरी खूपच उंच आहे, आणि उतरताना शरीराचा सगळा भार एका पायावर येतो. हात धरायला सोबती असावा आणि पाठमोरे उतरण्याचा संकोच करू नये. दोन्ही संग्रहालये, सेगोव्हियाचा माथा आणि तिथली निवडक दोन-तीन दालने एवढे पाहूनही भेट सार्थकी लागते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे पावसाचे महिने टाळावेत; गुडघे दुखणाऱ्यांनी तर अवश्य टाळावेत.

प्रश्न : दफनगृहांत सांगाडे किंवा इतर वस्तू दिसत नाहीत, असे तिथे जाऊन आलेल्या एका परिचितांनी सांगितले. मग ती दफनगृहेच होती, हे कशावरून?

उत्तर : आपल्या परिचितांचे निरीक्षण बरोबर आहे. या संस्कृतीत दफन दोन टप्प्यांत होत असे. आधी मृतदेह साध्या, उथळ खड्ड्यात पुरला जाई. काही काळाने अस्थी बाहेर काढून त्या मातीच्या कुंभात ठेवल्या जात आणि ते कुंभ मोठ्या सामूहिक दालनात नेऊन ठेवले जात. याचा अर्थ असा, की डोंगरात कोरलेली मोठी दालने एकेका माणसाची नसून अनेकांची होती, आणि वरून उतरणारा जिना एकदाच वापरून बुजवून टाकण्यासाठी कोरलेला नसावा. एका कुटुंबातील किंवा गटातील पिढ्यान्‌पिढ्यांचे मृत तिथे एकत्र येत असावेत, असे मानायला या पद्धतीमुळे आधार मिळतो. दोन टप्प्यांच्या या विधीत मृताला निरोप देण्याचे काम एका दिवसात संपत नसे. हाडे पुन्हा हाती घेणे, ती भरणे, ती वाहून डोंगरावर नेणे हे जिवंतांनी पुढे कधीतरी, ठरवून करायचे काम होते. मला या सर्व स्थळांतील सर्वांत हृदयस्पर्शी बाब हीच वाटते.

आज दालने रिकामी दिसण्याचे मुख्य कारण मात्र दुःखद आहे. स्पॅनिश भाषेत ज्यांना 'ग्वाकेरो' म्हणतात, अशा सोनेशोधकांनी प्राचीन दफनस्थळे वर्षानुवर्षे उकरली. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात येथे शास्त्रीय अभ्यास सुरू झाला, तोवर पुष्कळ नासधूस होऊन गेली होती. वाचलेले कुंभ येथील संग्रहालयात पाहायला मिळतात. सोन्याच्या वस्तूंपैकी काही, त्यांत मुखवटेही आले, बोगोटाच्या सुवर्ण संग्रहालयात आहेत. आपण बोगोटाला उतरणारच असाल, तर ते संग्रहालय आधी पाहावे आणि मग खोऱ्यात जावे. वस्तू आधी डोळ्यांसमोर असल्या की रिकाम्या दालनात त्या कुठे असाव्यात, याची कल्पना करणे सोपे जाते.

प्रश्न : भिंतींवरील रंगकामाची छायाचित्रे काढता येतात का? आणि हे रंग इतकी शतके कसे टिकले?

उत्तर : कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये. तिथल्या रक्षकांनी सांगण्याची वाट न पाहता आपण होऊनच तो बंद ठेवावा. रंग टिकले याचे कारण दालने बंद होती, उजेड नव्हता, आणि तापमान व ओलावा यांत फारसा बदल होत नव्हता. तोंडे उघडली गेली तसे ते संतुलन बिघडले. मऊ खडकात पाणी झिरपते, लेप सुटू लागतो, आणि माणसांच्या श्वासातील ओलाव्याचीही भर पडते. म्हणून एका वेळी मोजक्याच लोकांनी आत जावे, भिंतीला पाठ टेकू नये, खांबाला हात लावू नये. आत गेल्यावर विजेरी लगेच न लावता मिनिटभर काळोखात थांबावे. डोळे सरावले की मंद उजेडातही रंगांच्या कडा दिसू लागतात.

प्रश्न : हा भाग सुरक्षित आहे का? तिथे कसे जायचे आणि कागदपत्रे कोणती लागतील?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. काउका प्रांतात सशस्त्र गटांचा वावर आहे, रस्ते अडवले जाण्याचे प्रसंग येतात, आणि काही देशांची सरकारे आपल्या नागरिकांना या प्रांतात प्रवास न करण्याचा सल्ला देतात. परिस्थिती महिन्यागणिक बदलते. म्हणून निघण्याआधी कोलंबियातील भारतीय दूतावासाच्या सूचना पाहाव्यात, आणि उद्यान सांभाळणाऱ्या कोलंबियन मानवशास्त्र व इतिहास संस्थेकडे ते खुले आहे का याची चौकशी करावी. मुक्कामाच्या ठिकाणच्या यजमानांना निघण्याच्या आदल्या दिवशी दूरध्वनी करून रस्त्याची खबर घ्यावी. त्यांनी 'आज येऊ नका' म्हटले तर वाद घालू नये. रात्रीचा प्रवास कटाक्षाने टाळावा.

जाण्याचे दोन मार्ग आहेत. पोपायान शहरातून निघणारी बस तोतोरोमार्गे जाऊन तीन हजार मीटरहून उंच, थंड माळ ओलांडते आणि इन्साकडे उतरते. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास असले तरी चार ते पाच तास धरावेत, आणि गरम कपडा बसच्या डिकीत न टाकता हाताशी ठेवावा. दुसरा मार्ग नेइवा शहरातून ला प्लातामार्गे येतो. बस पिसिम्बालाच्या फाट्यावर सोडते. तिथून संग्रहालयांपर्यंत सुमारे दोन किलोमीटर चालावे लागते, किंवा वाहन मिळाले तर घ्यावे. रोख पेसो मोठ्या शहरातूनच काढून न्यावेत.

व्हिसाचे नियम आपल्या पासपोर्टवर अमेरिकेचा किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा आहे की नाही यानुसार बदलतात, म्हणून नवी दिल्लीतील कोलंबियाच्या दूतावासाकडून लेखी खात्री करून घ्यावी. पीतज्वराची लस मात्र विसरू नये. कोलंबियाहून परतणाऱ्या प्रवाशाकडे या लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस प्रवासाआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते.

प्रश्न : तिथे आज कोण राहते? दफनगृहे कोरणाऱ्यांचेच ते वंशज आहेत का?

उत्तर : आज या खोऱ्यात मुख्यतः नासा समाज राहतो. जुन्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख पाएस असा आढळतो. त्यांची स्वतःची भाषा, नासा युवे, आजही बोलली जाते. दफनगृहे कोरणारे आणि आजचे नासा यांचे थेट नाते सिद्ध झालेले नाही. मात्र स्पॅनिश आक्रमणाला या डोंगरांत दीर्घकाळ तोंड देणाऱ्यांत नासांचे पूर्वज होते, आणि जमिनीवरील हक्कांसाठी हा समाज आजही संघटितपणे उभा आहे.

6 जून 1994 रोजी येथे 6.8 तीव्रतेचा भूकंप झाला. पावसाने भिजलेले डोंगरउतार एकाच वेळी सुटले, चिखल आणि दगडांचा लोंढा पाएस नदीतून वाहत खाली आला, आणि हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अनेक नासा कुटुंबांना आपली भूमी सोडून दूर जाऊन वसावे लागले. खोऱ्यात फिरताना आपल्याला चहूकडे दिसणारे हिरवे उतार हे तेच उतार आहेत. म्हणूनच माझी विनंती अशी, की शेतातून जाणाऱ्या वाटेवर परवानगी विचारून चालावे, माणसांची छायाचित्रे न विचारता काढू नयेत, आणि वाटाड्या घ्यायचा असेल तर गावातलाच घ्यावा. कोणत्या वाटेवरची माती पावसाने ढिली झाली आहे, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.