खुनी कोण हे आधीच कळलं, तर वाचायचं काय?

तुम्ही विचारलंय, खुनी कोण हे शेवटच्या पानावर कळणारच असतं, तर त्यासाठी तीनशे पानं लोक का वाचतात? माझ्या मते नुसतं नाव कळावं म्हणून फार कमी जण वाचतात. समोर मांडलेली गोष्ट आपल्या नजरेतून कशी सुटली, यात खरी गंमत आहे.

समजा, विसाव्या पानावर मोलकरीण म्हणते, "आज दूध तसंच पडलंय, मांजर फिरकलीच नाही." तुम्ही पुढे सरकता, कारण तिथेच दोन भाऊ मृत्युपत्रावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले असतात. नंतर कळतं, मांजर रात्रभर कुलपातल्या खोलीत अडकली होती. म्हणजे ती खोली रात्री कुणीतरी उघडली होती. लेखकाने लपवलं काहीच नाही, फक्त भांडण मोठ्या आवाजात लावलं.

रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश पाद्र्यांनी, जे स्वतः रहस्यकथा लिहायचे, १९२९ मध्ये यासाठी दहा नियमच घालून दिले: गुन्हेगार सुरुवातीलाच दिसला पाहिजे, गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही दाखवायचा, आणि पूर्वसूचना न देता जुळा भाऊ आणायचा नाही. (हा शेवटचा आपल्या हिंदी सिनेमापर्यंत पोचलाच नाही.)

माझ्या आत्याला धाग्यादोऱ्यांशी देणंघेणं नाही. तिला चौकशी आवडते. खून एकानेच केलेला, पण सुनेने दागिने परस्पर गहाण टाकलेले, दिवाणजींनी हिशेबात हात मारलेला, म्हणून खोटं सगळेच बोलतात. ती म्हणते, खून वगळला तर हे इंदूरच्या रामबागेतल्या कुठल्याही घरात सापडेल.

आमच्या इंदूरला खजुरी बाजारात जुनं पुस्तक घेतलं, तर पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं. अशा माणसाला सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस मिळूच नये! तरी मी ते शेवटपर्यंत वाचलं, आणि जास्तच रंगलो. खुनी बाई काय बोलते तेवढंच बघत होतो. पोलिसांना ती सांगते, "त्यांना जिवंत पाहणारी शेवटची मीच." अगदी खरं बोलली की!

सुरुवात करायची तर आधी कथा वाचा, कादंबरी नंतर. पानोपानी रक्त सांडणाऱ्या कादंबऱ्यांत लोकांना काय आवडतं, ते मात्र दुसऱ्या कुणाला विचारा. मला त्या झेपत नाहीत.