घरात रोपांसाठी एलईडी दिवा घेताना खोक्यावरील ‘चार बाय चार फूट’ कितपत खरे मानावे?

आपल्याला दहा बाय बारा फुटांच्या खोलीत, मे महिन्यात, मिरची-वांग्याची रोपे आणि थोडा सांबार (पुण्याकडील वाचकांसाठी: कोथिंबीर) घ्यायचा आहे. एका दिव्याच्या खोक्यावर ‘१००० वॅट, चार बाय चार फूट’ असे छापलेले आहे, तर जवळपास त्याच किमतीच्या दुसऱ्यावर ‘१०० वॅट, दोन बाय चार फूट, २.५ मायक्रोमोल प्रति ज्यूल’ (म्हणजे दर ज्यूल विजेतून झाडाच्या उपयोगाचा किती प्रकाश निघतो; मायक्रोमोल हे प्रकाशकण मोजायचे माप) असे आहे, आणि यातला कोणता घ्यावा हे आपण विचारले आहे. मी आपल्या जागी असतो तर दुसरा घेतला असता, आणि असे म्हणण्यामागे पहिल्या जातीचा दिवा घेऊन बसल्याचा अनुभव आहे.

विहिरीवरची मोटार जेवढे पाणी उपसते तेवढेच उपसते. ते एका वाफ्यात सोडले तर वाफा तुडुंब भरतो आणि चार वाफ्यांत वाटले तर चारही जेमतेम ओले होतात. दिव्याचेही तसेच आहे. दिवा वर टांगला की उजेड अधिक जागेवर पसरतो आणि त्याच प्रमाणात पातळ होतो, म्हणून किती उंचीवरून आणि किती तीव्रतेने हे सांगितल्याशिवाय ‘इतके चौरस फूट’ या आकड्याला काही अर्थ उरत नाही. ही तीव्रता, म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारा झाडाच्या उपयोगाचा प्रकाश, पीपीएफडी या नावाने मायक्रोमोलमध्ये मोजतात. आपल्याकडील भर दुपारच्या उन्हात ती २००० च्या आसपास असते. कोवळ्या रोपांना १०० ते ३०० पुरते, पालेभाजीला २०० ते ३०० हवी, आणि मिरचीला खोलीतच फळ धरायला लावायचे असेल तर ५०० च्या पुढे जावे लागते.

आपल्या दुसऱ्या दिव्याचा हिशेब मांडून पाहू. १०० वॅट गुणिले २.५ म्हणजे सेकंदाला २५० मायक्रोमोल. त्यातील साधारण पाचवा हिस्सा भिंतींवर आणि इकडेतिकडे जातो असे धरले तर २०० उरतात. दोन बाय चार फूट म्हणजे ०.७४ चौरस मीटर, तेव्हा सरासरी तीव्रता २७० येते. रोज चौदा तास लावल्यास चौरस मीटरला दिवसाला साडेतेरा मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल) प्रकाश मिळतो, जो रोपांना भरपूर आहे. सांबाराला मात्र बारा तासांवर नेऊ नये, कारण दिवस लांब आणि हवा गरम असली की तो पाला धरण्याऐवजी फुलावर येतो.

माझ्या ‘१००० वॅट’वाल्या दिव्याची परीक्षा मी घरच्या वीज मीटरवर केली. मीटरवर एका युनिटला लाल ठिपका किती वेळा लुकलुकतो ते लिहिलेले असते. आमच्याकडे ३२०० आहे. फ्रीज, पंखे, सर्व बंद करून फक्त दिवा चालू ठेवला आणि घड्याळ लावून मोजले, तर दहा मिनिटांत ५९ वेळा लुकलुकला, म्हणजे जेमतेम ११० वॅट. मग चार बाय चार फुटांच्या चौकटीत सुतळी ताणून नऊ ठिकाणी मोबाइलच्या लक्स-ॲपने उजेड मोजला. मधोमध २४,००० लक्स आणि कोपऱ्यांत ५,५०० भरले. पांढऱ्या एलईडीच्या लक्सला ७० ने भागले की ढोबळ पीपीएफडी मिळते, म्हणजे मध्ये साडेतीनशेच्या जरा खाली आणि कोपऱ्यात ऐंशीच्या आत. मोबाइल अचूक नसतो, पण मध्य आणि कोपरा यांतील तफावत दाखवायला पुरेसा असतो. ती तफावत रोपांनीही दाखवलीच: मधल्या ट्रेमधील मिरची बुटकी आणि गर्द हिरवी, तर कोपऱ्यातील लांबट, फिकट आणि मधल्या उजेडाकडे मान वाकवलेली. जांभळ्या दिव्यांना ही लक्सची युक्ती लागू पडत नाही, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला अनुसरून आहे आणि लाल-निळा रंग त्यात फार कमी मोजला जातो.

कोपऱ्यांचा तोटा काही अंशी भरून काढता येतो. भिंतीला चुना मारावा किंवा ट्रेच्या कडेने पांढरे कापड लावावे, आणि एकाच चौकोनी दिव्याऐवजी लांब पट्ट्यांचा दिवा मिळाला तर तो घ्यावा, कारण त्याचा उजेड अधिक सारखा पसरतो.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण सांगतो. नुसती रोपेच करायची असतील आणि अंगण असेल, तर ५० टक्क्यांची (निम्मे ऊन अडवणारी) हिरवी शेडनेट जाळी या दोन्ही दिव्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश देते आणि तिला वीज लागत नाही. खोलीतच करायचे असेल, तर दिव्याने ओढलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते हे लक्षात घेऊन, आमच्यासारखे संध्याकाळी सात ते सकाळी नऊ (सांबारावरचे सकाळी सातपर्यंतच) दिवे लावावेत. कूलरचा झोत थेट ट्रेवर येऊ देऊ नये; ओल टिकून राहिली की रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. आणि टायमर आत बॅटरी असलेला डिजिटल घ्यावा, कारण चकतीचा टायमर लाइन गेली की तिथेच थांबतो आणि आठवड्याभरात आपले सातचे दिवे दहाला लागू लागतात.